एमएसडब्ल्यू आणि लोकप्रशासन एकत्र: ज्येष्ठांसाठी काम करू पाहणाऱ्यांनी नियोजन कसं करावं

ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करायचं ठरवलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करू, की लोकप्रशासनात एम.ए.? पूर्वी यातलं एकच निवडावं लागे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आणि ही अडचण संपली. अमेरिकेत या दोन विषयांची जोडपदवी तयार मिळते. आपल्याकडे मात्र एक पदवी इथून, एक तिथून घ्यायची आणि मधलं शिवणकाम आपणच करायचं. ते नीट झालं नाही तर हातात दोन गुणपत्रिका येतात आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नसतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी थोडा वेळ काढा.

पहिली पायरी: एका आजींचा कागद

एक कोरा कागद घ्या. गावात एकट्या राहणाऱ्या, ६८ वर्षांच्या एखाद्या आजी डोळ्यांसमोर आणा. मुलगा शहरात, शेत थोडं, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे धरलेले. आता त्यांना काय काय लागतं ते डावीकडे लिहा आणि ते कोणत्या टेबलावर मिळतं ते उजवीकडे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे महिना १,५०० रुपये हवेत, तर तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा. योजना सामाजिक न्याय विभागाची, पण अर्ज तपासणार महसूल खातं. मोतीबिंदूसाठी जिल्हा रुग्णालय, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभाग. एसटीचं अर्धं तिकीट, म्हणजे परिवहन. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच मिळणारे ३,००० रुपये, त्यासाठी समाज कल्याणचं सहायक आयुक्त कार्यालय. मुलगा बघत नाही म्हणून दाद मागायची, तर प्रांताधिकारी. आजी एकच, आणि दारं पाच.

आता त्याच कागदावर प्रत्येक योजनेपुढे वयाची अट लिहा. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यानुसार ६० पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ. श्रावणबाळसाठी ६५. एसटीत ६५ ला अर्धं तिकीट, ७५ ला पूर्ण मोफत प्रवास, तोही ऑगस्ट २०२२ पासून. आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतचे उपचार, ते ७० नंतर, ऑक्टोबर २०२४ पासून. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० पूर्ण झाल्यावर केंद्राचा वाटा २०० वरून ५०० रुपये होतो. सावंतवाडीची आजी श्रावणबाळसाठी ६५ ची वाट बघते, आणि शेजारच्या पेडण्यातली आजी गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ६० लाच बसते. त्यात अनेक वृद्धांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती आणि अंदाजे साल टाकून काम भागवलं गेलं. म्हणजे वयावर उभी असलेली ही सगळी पात्रता पुष्कळदा एका अंदाजावर उभी असते.

हा कागद बघून तुमचं लक्ष कुठे गेलं, त्यावरून पुढचं ठरवा. आजी एकट्या दिवस कसा काढत असतील, मुलाशी बोलणं का तुटलं, हे आधी मनात आलं असेल तर एमएसडब्ल्यू पुरे. दुसऱ्या पदवीसाठी दोन वर्षांच्या संध्याकाळी घालवायची गरज नाही. पाच दारं का, वयं वेगवेगळी का, हे कुणी ठरवलं, असा प्रश्न आधी पडला असेल तर लोकप्रशासन किंवा सार्वजनिक धोरण बरं. दोन्ही प्रश्न सारखेच छळत असतील तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: नियम नीट समजून घ्या

आयोगाचा नियम थोडक्यात असा. दोन्ही पदव्या वर्गात बसून करायच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक वर्गात बसून आणि दुसरी दूरस्थ अथवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन. पीएच.डी.ला हे लागू नाही. दूरस्थ पदवी देणाऱ्या संस्थेला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मान्यता हवी, आणि प्रवेश घेताना तुमच्याकडे त्या विभागाचा डीईबी आयडी हवा.

यातला दुसरा पर्याय आपल्या कामाचा: एमएसडब्ल्यू वर्गात बसून, लोकप्रशासन दूरस्थ. उलटं करू नका. दूरस्थ एमएसडब्ल्यूही मिळतं, नोकरी करणाऱ्यांसाठी ते ठीकही आहे. पण समाजकार्याचं शिक्षण हे मुख्यतः फील्डवर्कवर आणि त्या फील्डवर्कवर कुणीतरी तुम्हाला खोदून प्रश्न विचारण्यावर उभं असतं. दर आठवड्याला पर्यवेक्षकासमोर बसून 'तू हे का बोललास, गप्प का नाही राहिलास' हे ऐकून घेणं पुस्तकातून होत नाही. लोकप्रशासनाचं बरंचसं वाचन मात्र घरी बसून होतं.

आयोगाची परवानगी असली तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश वेगळं काही म्हणत नाही ना, हे लेखी विचारा. ईमेल करा, उत्तर जपून ठेवा. तोंडी 'हो हो चालतं' हे पदवीच्या वेळी कामाला येत नाही. मायग्रेशन सर्टिफिकेटची मूळ प्रत एकच असते. ती कोणाला द्यावी लागणार, हेही आधीच विचारा. दोन्ही अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती मिळेल हे धरून चालू नका. दूरस्थ पदवीची फी खिशातून जाईल असाच हिशेब मांडा.

तिसरी पायरी: एमएसडब्ल्यू कुठे आणि कोणत्या स्पेशलायझेशनमध्ये

मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे टिस, सुरुवात १९३६ ची. तिथे पहिली चाळणी सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची. मुंबईतच निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३), नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय. ग्रामीण भागात काम करायचं मनात असेल तर टिसचा तुळजापूरचा परिसर जरूर पाहा. धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत मागे राहिलेली म्हातारी माणसं मुंबईच्या कोणत्याही वर्गापेक्षा जास्त शिकवतील.

बहुतेक ठिकाणी 'वार्धक्य' नावाचं वेगळं स्पेशलायझेशन तुम्हाला मिळणार नाही. कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, वैद्यकीय व मानसोपचार, गुन्हेगारी व सुधार प्रशासन, मनुष्यबळ अशीच विभागणी असते. यात निवड करताना पुढे कुठे बसायचंय ते आठवा. रुग्णालय, स्मृतिभ्रंश, आयुष्याच्या शेवटच्या काळातली शुश्रूषा याकडे ओढा असेल तर वैद्यकीय व मानसोपचार. योजना, वस्ती, ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रामपंचायत हे आवडत असेल तर समुदाय विकास. लोकप्रशासनाशी जुळायला मला समुदाय विकास जास्त सोयीचा वाटतो, कारण दोन्हीकडे एकच कार्यालयं समोर येतात. कुटुंब व बालकल्याणात 'कुटुंब' आहे म्हणून वृद्ध आपोआप येतील असं समजू नका. अनेक ठिकाणी सगळा भर बालकांवरच असतो. आधी सेमिस्टरचा अभ्यासक्रम मागवून वाचा. आणि पगाराच्या मोहाने मनुष्यबळ घेतलंत तर ज्येष्ठ तुमच्या आयुष्यात पुन्हा आई-वडिलांच्याच रूपाने येतील, कामाच्या नाही.

चौथी पायरी: लोकप्रशासनाची बाजू

सगळ्यात सरळ मार्ग इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं एम.ए. लोकप्रशासन. किमान दोन वर्षं, कमाल चार वर्षं, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत, साहित्य इंग्रजी आणि हिंदीत. प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर. इग्नूचा वृद्धांच्या वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमाही यादीत दिसेल. तो डॉक्टरांसाठी आहे, त्याच्या नावाला भुलून अर्ज करू नका. केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेचे वृद्धसेवेवरचे अभ्यासक्रम असतात, ते हवे असतील तर सुट्टीत बघा. पण त्यांना या दोन पदव्यांची जागा देऊ नका.

पाचवी पायरी: वेळापत्रक, कारण गाडी इथेच घसरते

एमएसडब्ल्यूचा आठवडा पाच दिवसांचा वाटतो, पण तो तसा नसतो. साधारण दोन दिवस फील्डवर्क, उरलेले दिवस वर्ग, मग साप्ताहिक अहवाल, आयसी म्हणजे पर्यवेक्षकाबरोबरची बैठक, ग्रुप कॉन्फरन्स. त्यात कधीतरी रुरल कॅम्प आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग पूर्णवेळ काम. पहिलं सत्र तर बसचे मार्ग आणि रिपोर्टची पद्धत समजण्यातच जातं.

म्हणून दोन्ही प्रवेश जुलैमध्ये एकदम घेऊ नका. एमएसडब्ल्यू जूनजुलैत सुरू करा, इग्नूचा प्रवेश पुढच्या जानेवारीत घ्या. इग्नूच्या सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. एमएसडब्ल्यूच्या हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास येतात आणि तिथे टक्कर होते. उपाय साधा आहे: जड विषयांचे पेपर जूनमध्ये द्या, डिसेंबरला एकदोनच ठेवा. इग्नूत सगळे पेपर एकाच वेळी दिले पाहिजेत अशी सक्ती नाही, चार वर्षांची मुदत त्यासाठीच आहे. असाइनमेंट मात्र मुदतीआधी गेल्या पाहिजेत. त्या राहिल्या तर पेपर चांगला जाऊनही निकाल अपूर्णच राहतो. एमएसडब्ल्यू दोन वर्षांत संपेल, लोकप्रशासन पहिल्या नोकरीच्या वर्षात संपलं तरी काही बिघडत नाही.

सहावी पायरी: फील्डवर्क दोन्ही पदव्यांसाठी कामाला लावा

खरं शिवणकाम इथे होतं. पहिल्या वर्षी मिळेल ती संस्था घ्यावीच लागते, पण दुसऱ्या वर्षी प्लेसमेंटसाठी तुमचं म्हणणं ऐकलं जातं. तेव्हा वृद्धाश्रम मागू नका, किंवा फक्त वृद्धाश्रम मागू नका. तिथे माणसं भेटतात, पण व्यवस्था भेटत नाही. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन, देशभर हेल्पेज इंडिया, जवळपास प्रत्येक शहरात फेस्कॉमशी, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी जोडलेला एखादा संघ, सरकारी रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनचं काम, हे सगळे पर्याय विचारून बघा. तहसीलच्या संजय गांधी शाखेच्या खिडकीजवळ, संस्थेमार्फत परवानगी घेऊन, नुसतं बसायला मिळालं तरी चालेल. हयातीचा दाखला घेऊन आलेल्या आजोबांचा अंगठा यंत्र घेत नाही, कारण कष्टाने बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. समाजकार्याच्या अहवालात ती आजोबांची केस होते. लोकप्रशासनाच्या असाइनमेंटमध्ये तोच प्रसंग पडताळणीच्या पद्धतीवरचा प्रश्न होतो: ज्याला मदत द्यायची त्यालाच सिद्ध करायला लावणारी व्यवस्था किती माणसं गळवते?

पण एकच ठिकाण निवडायचं असेल तर मी निर्वाह न्यायाधिकरण निवडायला सांगेन, जिथे मुलं बघत नाहीत म्हणून ज्येष्ठ चरितार्थासाठी दाद मागतात. २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत, न्यायाधिकरणाचे अध्यक्ष असतात. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. चरितार्थाची कमाल रक्कम महिना १० हजार रुपये. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस. कायद्याचं कलम १७ पक्षकारांना वकील लावू देत नाही. अर्ज स्वतः ज्येष्ठ नागरिक करू शकतात, त्यांना शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. प्रांतांच्या दालनात सकाळी महसुली अपिलं, दुपारी मोर्चाच्या बंदोबस्ताचे फोन आणि मध्ये कुठेतरी हे प्रकरण. आई एका खुर्चीत, मुलगा दुसऱ्या. अर्जात लिहिलंय की मुलगा जेवायला देत नाही. साहेब विचारतात, 'आजी, काय त्रास आहे?' आणि आजी म्हणतात, 'काही नाही साहेब, पोरगं चांगलंय.' फाईल बंद करायला एवढं वाक्य पुरतं. समाजकार्य शिकलेल्याला हे वाक्य ऐकून कळतं की संध्याकाळी त्याच मुलाबरोबर घरी जायचंय म्हणून त्या तसं म्हणाल्या. लोकप्रशासन शिकलेल्याला आठवतं की कलम ६ नुसार सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं आणि त्याने महिन्याच्या आत आपले निष्कर्ष सादर करायचे असतात. म्हणजे आजींशी एकटं, त्यांच्या ओसरीवर बसून बोलण्याची सोय कायद्यातच आहे, ती वापरायला माणूस हवा. ज्याच्यासाठी दोन पदव्यांचा हा खटाटोप, तो माणूस हाच.

प्रशासकीय कायद्याच्या पेपरसाठीही याच कायद्यात भरपूर माल आहे. कलम २३ म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर, परत मिळू शकते. पण बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहिलेली नसेल तर? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात अट सिद्ध व्हायला हवी म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याचा उदार अर्थ लावला. त्याआधी २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की हा कायदा वापरून सुनेचा घरात राहण्याचा हक्क सरळ मोडता येणार नाही. हे तिन्ही निकाल एकापाठोपाठ वाचा आणि गावातल्या एका खऱ्या घराला लावून बघा.

फील्डवर्कमध्ये भेटलेल्या माणसांची नावं, गाव, ओळख पटेल असा तपशील कोणत्याही असाइनमेंटमध्ये जाता कामा नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सातवी पायरी: प्रबंध

दोन्हीकडे एकच प्रबंध देता येत नाही, ती स्वतःचीच नक्कल ठरते. विषय मात्र शेजारचे घ्या. समजा, एमएसडब्ल्यूला 'एकट्या राहणाऱ्या विधवांची मदतीची वर्तुळं', आणि लोकप्रशासनात जिथे प्रकल्प करायला मिळेल तिथे 'श्रावणबाळचा अर्ज मंजुरीपर्यंतचा प्रवास'. क्षेत्र तेच, प्रश्न वेगळे.

आकडे गोळा करायला स्वतः पाचपन्नास फॉर्म भरून घेण्याआधी जे आहे ते वापरा. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरचे देशात सुमारे १०.४ कोटी होते. महाराष्ट्रात लोकसंख्येच्या ९.९ टक्के, गोव्यात ११.२. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशातलं प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जाईल. 'लासी' हा वार्धक्यावरचा दीर्घकालीन अभ्यास तर देवनारच्याच आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, टिसच्या शेजारचा. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची. माहितीसंच मागणी करून विद्यार्थ्यांना मिळतो. राज्याचं २०१३ चं ज्येष्ठ नागरिक धोरण आणि नंतरचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच आहेत. धोरणातलं एकेक कलम घेऊन तुमच्या तालुक्यात त्याचं काय झालं हे तपासणं हाच एक चांगला प्रबंध होईल. कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी निवासाची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात एमएसडब्ल्यू आणि एमपीएची (लोकप्रशासनातल्या पदव्युत्तर पदवीची) अधिकृत जोडपदवी आहे, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही. काही क्रेडिट दोन्हीकडे धरली जातात, त्यामुळे चार वर्षांचं काम साधारण तीन वर्षांत होतं. समाजकार्याची बाजू सीएसडब्ल्यूईची, म्हणजे तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेची मान्यता असलेलीच हवी, नाहीतर पुढे परवाना मिळायला त्रास होतो. तिथली व्यवस्था १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टवर आणि जिल्हावार चालणाऱ्या एरिया एजन्सीजवर उभी आहे. परत येऊन इथे काम करायचं असेल तर तिथल्या फीचा आणि इथल्या पगाराचा हिशेब एकाच कागदावर मांडा, मगच सही करा.

आठवी पायरी: नोकरी

सुरुवातीचा पगार कमी असतो आणि अनेक जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. हे माहीत असूनच या वाटेला या. सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) पदांना एमएसडब्ल्यू ही मूळ अट असते. मुंबई महापालिकेत समुदाय विकास अधिकारी, पुण्यात समाज विकास विभाग, राज्यात लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या समाज कल्याण अधिकाऱ्यांच्या जागा, ही दुसरी वाट. तिसरी वाट स्पर्धा परीक्षांची: यूपीएससीत लोकप्रशासन वैकल्पिक विषय आहेच, आणि २०२५ पासून वर्णनात्मक झालेल्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतही तो घेता येतो. तुमचं दूरस्थ एम.ए. तिथे निम्मी तयारी करून देतं.

स्वयंसेवी संस्थांमध्ये मुलाखतीला जाताना दोन पदव्या आहेत एवढंच सांगून भागत नाही. फील्डवर्कच्या काळात एखादा अर्ज तुम्ही तलाठ्यापासून मंजुरीपर्यंत नेला असेल तर तो कसा नेला, कुठे अडला, कुणाला भेटल्यावर सुटला, हे तारीखवार सांगता आलं पाहिजे. त्यासाठी पहिल्या सत्रापासून एक वही वेगळी ठेवा. अहवालासाठी नाही, स्वतःसाठी: कोणत्या कामाला कोणतं टेबल, कोणता कागद, किती फेऱ्या. आणि जाहिरात आली की शैक्षणिक अर्हतेची ओळ दोनदा वाचा. कुठे 'समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी' असते, कुठे 'समाजशास्त्र', आणि एवढ्या फरकावर अर्ज बाद होतात.